शपथ न मोडलेल्या सरदाराचा कागद

मी बोलतोय तो पॅसेजमधल्या भिंतीवरून. चपलांच्या कपाटाच्या वर, विजेच्या मीटरच्या शेजारी. घरात येणारा प्रत्येकजण एक हात माझ्याजवळच्या भिंतीला टेकवून बूट काढतो आणि तेवढ्या वेळात मला वाचून टाकतो. वाचून बहुतेकजण "अरे वा" म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला.

मी एक कागद आहे. माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानात झाला, दहा प्रतींमधली सातवी प्रत म्हणून. माझ्या भावंडांपैकी एकाच्या पाठीवर वाणसामानाची यादी झाली, दोघं पावसाळ्यात ओल्या बुटांत कोंबले गेले. माझ्या नशिबी सरदारकी आली. त्या वेळी मला वाटलं, आपण सुटलो.

सरदारकी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. चार मोठी माणसं, म्हणजे निदान वयाने मोठी, दर शनिवारी दुपारी एका जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. सांगणारा म्हणतो, "समोर दरी आहे, काय करता?" दुसरा म्हणतो, "उडी मारतो." उडी जमली की नाही, ते फासा टाकून ठरतं. त्या गोष्टीतल्या माणसाची ताकद, जखमा, हत्यारं, वचनं, सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. कागद म्हणजेच तो माणूस. माझ्यावर जो माणूस होता, तो होता एक सरदार, आणि तोही शपथ घेतलेला.

शपथ माझ्या मालकाने घेतली होती. मालक लिफ्टचा तपासनीस. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि फॉर्मवर सही करायची, ही त्याची नोकरी. बाकी सगळा मजकूर त्याने माझ्यावर पेन्सिलीने लिहिला, कारण ताकद नि जखमा दर आठवड्याला बदलतात. शपथ मात्र मागच्या बाजूला, शाईने, मोठ्या अक्षरात लिहिली. खोटं बोलणार नाही. दिलेला शब्द मागे घेणार नाही. शरण आलेल्यावर हात उचलणार नाही. लिहून झाल्यावर त्याने मला हात लांब करून धरलं आणि बराच वेळ बघत बसला.

गोष्ट सांगायच्या त्याच्या वहिनी, मोठ्या भावाची बायको. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून त्यांची नजर अशी तयार झाली होती की माणूस काय लपवतोय ते त्यांना लगेच दिसायचं. टेबल त्यांचं, घर त्यांचं आणि कायदाही त्यांचाच. कायदा असा, की गोष्टीत आपला माणूस मेला, तर त्याचा कागद आपण स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर फाडायचा. आणि शपथ घेतलेल्या माणसाने शपथ मोडली, तरी तेच.

आता माझी अवस्था समजून घ्या. सरदाराची अब्रू गेली, की मी कचऱ्यात. त्यामुळे सत्य, वचन, शरणागत वगैरे गोष्टींबद्दल मला फार म्हणजे फारच कळकळ वाटायची. तत्त्वनिष्ठ माणसं पाहिली की मला अजूनही शंका येते, याचाही कुठेतरी कागद अडकलेला असणार.

टेबलावर आणखी दोघं होती. शेजारच्या शिंपीणबाई, गोष्टीतल्या वैदू. बोलायच्या कमी, पण बोलल्या की टाचणी टोचल्यासारखं. आणि माझ्या मालकाचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि शनिवारी दुपारी तो ते सरळ बंद करून यायचा. गोष्टीत तो चोर होता. त्या चोराचा कागद नऊ वर्षं माझ्या डाव्या अंगाला पडून असायचा, आमच्या कडा एकमेकांना चिकटलेल्या. एकदा मेव्हण्याने चहाचा कप ठेवला, त्याचं अर्धं वर्तुळ त्याच्यावर उमटलं, अर्धं माझ्यावर. दुसरं कुणी सोबती म्हणावं असं मला मिळालंच नाही.

वहिनींना सरळ लढाया आवडायच्या नाहीत. "राक्षस काय, कुणीही मारेल," त्या म्हणायच्या. त्यांना सरदाराला पेचात पकडायचं असायचं. एकदा गोष्टीत एका म्हातारीने सरदाराला विनवलं, "मी येईपर्यंत माझी शेळी सांभाळ." सरदाराने शब्द दिला. पुढच्याच शनिवारी म्हातारी मेली. झालं. शब्द मागे घ्यायचा नाही आणि म्हातारी येणार नाही. ती शेळी आमच्याबरोबर दीड वर्ष हिंडली, तीन राज्यं, दोन वेढे आणि एक राजकन्येचं लग्न. माझ्यावर तलवारीच्या खाली आजही लिहिलेलं आहे: शेळी, एक. लढाई सुरू झाली की मालक आधी विचारायचा, "शेळी कुठे बांधलीय?" तिला चारा चोर आणायचा. अर्थातच दुसऱ्याच्या शेतातून.

पेच सोडवायची मालकाची एक पद्धत होती. पहारेकरी विचारेल, "गाडीत कोण आहे?" तर सरदार आधीच डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे "मी पाहिलं नाही" असं खरं खरं सांगता येतं. शरण आलेला दरोडेखोर सुटला तर गाव जाळेल, हे सगळ्यांना कळत होतं. सरदाराने शपथेला जागून तलवार म्यान केली, पाठ फिरवली आणि मोठ्याने म्हणाला, "मी जरा नदीकडे जाऊन येतो." तो परत येईपर्यंत चोराने काम उरकलेलं होतं. मग सरदाराने चोराला दयेवर एक प्रवचन दिलं, मेव्हण्याने ते मान खाली घालून ऐकलं, आणि टेबल हसून हसून बेजार झालं.

"पाठ फिरवायला शपथेची आडकाठी नाही वाटतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"लिहिलेलं नाही तसं," मालक म्हणाला आणि मला उलटं करून दाखवलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला. खोटं कशाला बोलू.

तर असं नऊ वर्षं चाललं. सरदाराची पाटी कोरी आणि चोराच्या कागदावर गुन्ह्यांची रांग. त्या रांगेतले निम्मे गुन्हे सरदारासाठी केलेले होते, हे मला माहीत होतं, कारण ते माझ्याच शेजारी लिहिले जात होते.

आणि घरचं काय विचारता? मला मालक ऑफिसच्या बॅगेतच ठेवायचा, लिफ्टच्या फॉर्मांच्या मध्ये. ते फॉर्म सगळं बोलायचे. साहेब तिसऱ्या मजल्यापर्यंत जातात आणि नवव्या मजल्याचं सगळं ठीक आहे असं लिहितात, हे मला त्यांनीच सांगितलं. शनिवारी बायकोचा फोन आला की हा माणूस बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन, पाय समोरच्या खुर्चीवर ताणून म्हणायचा, "निघालोच गं, रस्त्यात आहे." फोन ठेवायचा आणि पुढच्या क्षणाला एका काल्पनिक पहारेकऱ्याशी खोटं बोलणं कसं पाप आहे, यावर पाऊण तास बोलायचा. नऊ वर्षं मी हे ऐकत होतो. मला त्यात कधी काही खटकलं नाही. खटकून घेणं मला परवडणारं नव्हतं.

मग ती गोष्ट आली.

एका गावात साथ पसरली होती. सुभेदाराने औषधांचं कोठार कुलूपबंद केलं होतं आणि अनाथाश्रमातली मुलं तापाने फणफणत होती. सरदाराने तिथल्या बाईंना शब्द दिला, "पहाटेपर्यंत औषध आणतो." शब्द देऊन बसला आणि मग लक्षात आलं, की कोठार फोडल्याशिवाय औषध मिळत नाही, आणि सरदार कोठार फोडत नसतात. तेव्हा त्याने नेहमीचं केलं. चोराकडे न बघता, हवेत बघून म्हणाला, "कोठाराच्या मागच्या खिडकीची कडी मोडलीय असं ऐकतो. असो. मी आता झोपतो." मेव्हण्याने हसत फासे उचलले. चोराने औषध आणलं, मुलं वाचली, सरदाराचा शब्द राहिला. आणि चोर पकडला गेला.

पुढच्या शनिवारी खटला. सुभेदार चोराला फाशी देणार, फक्त एक अडचण होती. चोराचं म्हणणं, मी त्या पहाटे सरदाराच्या तंबूत होतो. आणि सगळ्या मुलखाला ठाऊक होतं, की हा सरदार खोटं बोलत नाही. न्यायाधीशाने त्यालाच उभं केलं.

वहिनींनी न्यायाधीशाच्या आवाजात विचारलं, "सरदार, त्या पहाटे हा माणूस तुमच्या तंबूत होता का?"

होता म्हटलं की चोर सुटला. नव्हता म्हटलं की नऊ वर्षांचा चोर मेला आणि त्याचा कागद फाटला. पण होता हे खोटं होतं, म्हणजे मग मी फाटलो. दोन कागद शेजारी शेजारी पडलेले आणि त्यातला एकच घरी जाणार. मी सांगतो, माझ्यावरची पेन्सिलीची अक्षरंसुद्धा गार पडली.

नेमका तेव्हाच मालकाचा फोन वाजला. बायकोचा. ती परिचारिका, शनिवारीही कामावर. फोन टेबलावरच होता, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माझा भाऊ आहे का रे तिथे? फोन उचलत नाहीये. आज चारला आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, पट्टी सोडायचीय. त्याने नेतो म्हणून सांगितलंय. ती तयार होऊन बसलीय."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. विसरला होता बिचारा. घड्याळात साडेतीन. मग त्याने टेबलाकडे पाहिलं, ऐन रंगात आलेला खटला पाहिला, आणि मालकाला हाताने जोरजोरात खूण केली, की नाही म्हणून सांगा.

"छे गं," मालक म्हणाला. "तो आलाच नाही आज. दुकानात असेल. आणि मीही निघतोच आहे."

एका दमात, पापणी न लवता. त्याचा हात तेव्हा माझ्यावरच होता, शाईने लिहिलेल्या पहिल्या ओळीच्या अगदी पाठीमागे. मी फाटलो नाही. मला साधी सुरकुतीही पडली नाही.

फोन ठेवून त्याने घसा खाकरला आणि गंभीर झाला. "हा फार मोठा प्रश्न आहे," तो म्हणाला. मग सुरू झालं. खोट्याने वाचवलेला जीव वाचला म्हणायचा का. सरदार एकदा खोटं बोलला तर उद्या त्याच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवेल. गप्प बसलं तर चालेल का? वहिनी म्हणाल्या, गप्प बसणं म्हणजे नव्हता. आजारी पडलो तर? वहिनी म्हणाल्या, न्यायाधीश थांबेल. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला, बिस्किट खाल्लं. तास गेला.

मेव्हणा आधी मजेत होता. "दाजी, घ्या वेळ," म्हणत होता. त्याला खात्रीच होती. नऊ वर्षं ज्याच्यासाठी चोऱ्या केल्या, तो आपल्याला लटकवेल असं कुणाला वाटतं? पण पाचच्या सुमाराला त्याने विचारलं, "दाजी, तुम्ही खरंच विचार करताय?"

"मग काय," मालक म्हणाला. "शपथ आहे."

शिंपीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "साहेब, मगाशी फोनवर बोललात ना, तेच करा. तिथे असलेल्याला नाही म्हणालात, इथे नसलेल्याला होता म्हणा. माणूस तोच आहे."

"ते वेगळं आहे," मालक म्हणाला. तो दुखावला गेला होता. "ते आपलं घरगुती."

"आणि हे?" वहिनींनी विचारलं. स्वतःच्या आवाजात, न्यायाधीशाच्या नाही.

त्याने मला उचललं, उलटं केलं आणि शपथ वाचली. त्याची नजर ओळींवरून फिरत होती ती मला अजून आठवते. त्यात सत्य वगैरे काही नव्हतं. नऊ वर्षांत एकही डाग नाही, एवढंच होतं. घरी कितीही खोटं बोललं तरी काही फाटत नाही. इथे फाटत होतं, आणि तीन माणसं बघत होती.

आणि मी? मी मनातल्या मनात ओरडत होतो, खरं सांग, खरं सांग. माझ्या शेजारी माझा एकुलता एक मित्र पडला होता, आमच्या दोघांवर मिळून एक चहाचं वर्तुळ होतं, आणि मी म्हणत होतो, त्याला फाडा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मालक उभा राहिला. छातीवर हात ठेवला. भाषण चांगलं केलं, ते नाकारत नाही. मित्रापेक्षा सत्य मोठं, काळजावर दगड ठेवून बोलतोय, असं बरंच काही. शेवटी म्हणाला, "नव्हता."

कुणी टाळी वाजवली नाही. वहिनींनी दोन वाक्यांत फाशी संपवली. एरवी मरण त्या अर्धा तास रंगवून सांगायच्या. मेव्हण्याने चोराचा कागद उचलला. माझी डावी कड मोकळी झाली. त्याने तो मधून फाडला, मग पुन्हा मधून, आणि तुकडे कचऱ्यात न टाकता शर्टाच्या खिशात ठेवले. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, मी इथेच होतो. दुपारपासून. विसरलो, आणि मग दाजींना खोटं बोलायला लावलं. आई कुठाय?"

आई वाट बघून एकटीच निघाली होती. एका डोळ्याने बसची पाटी वाचता आली नाही, भलत्याच ठिकाणी उतरली आणि एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदाराने तिच्या पर्समधला नंबर पाहून मुलीला फोन केला होता. तिला काही झालं नाही. फक्त पट्टी सोडायची राहिली, आणि दोन तास ती उन्हात बसली.

मेव्हणा चपला घालत होता, तेव्हा मालक त्याच्या मागे गेला. "राग मानू नकोस," म्हणाला. "खेळ आहे."

"राग नाही दाजी," मेव्हणा म्हणाला. "मला कळलं फक्त. माझ्यासाठी तुम्ही माझ्या बहिणीशी खोटं बोललात, त्यात काही गमवावं लागत नव्हतं म्हणून. जिथे गमवावं लागत होतं, तिथे मला सोडलंत. आईचं म्हणाल तर मीही तेच केलं. मी जातो."

तो पुन्हा आला नाही. पुढचे दोन शनिवार तिघं बसली. तिसऱ्या शनिवारी शिंपीणबाईंना काम निघालं, आणि वहिनींनी टेबलावर औषधांची खोकी मांडली ती उचललीच नाहीत. मालकाने मला बॅगेतून काढलं, दुकानात नेलं आणि दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक लावून आणलं. चार खिळे ठोकले. शपथेची बाजू बाहेर. पाहुण्यांना तो सांगतो, "नऊ वर्षं, आणि एकदासुद्धा मोडली नाही." हे मात्र तो खरं सांगतो.

त्याची बायको रोज माझ्यासमोर उभी राहून चपला घालते. इतके दिवस तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बघितलं. चपलेचा पट्टा लावता लावता तिने आतल्या खोलीकडे आवाज दिला, "आईकडे जाऊन आलास ना काल? डोळ्यांचे थेंब दिलेस?"

"हो, दिले की," आतून आवाज आला. "बरी आहे म्हणाली."

थेंबांची बाटली माझ्या खाली, चपलांच्या कपाटावर, कागदी पिशवीत तशीच होती. तिने ती पाहिली. पिशवी उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली, मग मान वर करून माझी पहिली ओळ वाचली. आतल्या माणसाकडे नाही, माझ्याकडे बघत उभी होती. मला मान वळवायला जागा नाही. मला शरम वाटली, आणि ती सहन होत नाही हेही कळलं.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. नऊ वर्षं मी फाटायला घाबरलो आणि त्यापायी सोबतीला फाडू दिलं. आता मला फाटायचंय, तर हे प्लॅस्टिक हाताने फाटत नाही. तुम्ही कधी या घरी आलात, बूट काढताना मला वाचलंत, तर "अरे वा" म्हणू नका. कात्री स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या दुसऱ्या खणात आहे. जाड प्लॅस्टिकलाही चालते. मालकाने विचारलं तर खुशाल सांगा, की मी नाही कापला.